शीड सोडून बाकी सगळं

कॅरिबियन हा शब्द आमच्या मेलबर्नजवळच्या पॉइंट कुकच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला तेव्हा मी पोह्यांना फोडणी देत होतो. खोटं वाटेल, पण तेलातली मोहरी तडतडायची थांबली.

"बाबा, मी पुढचं सेमिस्टर डिफर करतेय, पुढे ढकलतेय," लेक म्हणाली. "कॅरिबियनला जायचंय. शिडाच्या बोटीवर क्रू म्हणून. साधारण सहा महिने. तुझी फोडणी जळतेय."

माझ्या वयाच्या माणसाला कॅरिबियन नावाची बेटं ठाऊक नसतात. आम्हाला ठाऊक असतं वेस्ट इंडीज, आणि वेस्ट इंडीज म्हणजे फास्ट बोलर. लहानपणी सोलापुरात शेजारच्यांच्या टीव्हीवर मी असा एक बोलर पाहिलाय की तो रनअप घ्यायला मागे फिरला की आमच्या गल्लीतली कुत्री आपापल्या घरात जायची. त्याचा बॉल बॅट्समनला दिसायचा नाही, अंपायरला दिसायचा नाही, फक्त यष्टिरक्षकाच्या तोंडावरून कळायचं की बॉल पोचला. अशी माणसं जिथे पिकतात तिथे माझी पाच फूट एक इंच उंचीची मुलगी जाणार, आणि तीही जमिनीवर नाही. पाण्यावर!

पाण्याशी माझं नातं बादलीपुरतं. आमच्याकडे नळाला पाणी इतक्या दिवसांनी यायचं की आलं की घरचे त्याला ओळख विचारायचे. पोहणं ही गोष्ट मी कॅलेंडरवरच्या चित्रात पाहिली होती. पॉइंट कुकला घर घेताना एजंट मोठ्या कौतुकाने म्हणाला होता की समुद्र अगदी जवळ आहे. मला वाटलं, चला, उन्हाळ्यात गार वारा येईल. तो वारा माझ्या मुलीला घेऊन जायला येतोय हे त्या माणसाने कुठे सांगितलं?

लेक मेलबर्नच्या दुसऱ्या टोकाला फार्मसी शिकते. आठवडाभर युनिव्हर्सिटीजवळ मैत्रिणींबरोबर राहते आणि शनिवारी कपडे धुवायला घरी येते. युनीत गेल्यावर तिने सेलिंग क्लबात नाव घातलं. आम्ही म्हटलं, बरंय, व्यायाम होईल. पाहता पाहता तिच्या धुवायच्या कपड्यांना मिठाचा वास यायला लागला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"आणि फार्मसी?" मी विचारलं.

"फार्मसी कुठे पळून जाणारे, बाबा?"

"फार्मसी नाही गं. तू."

ती हसली आणि तिने सगळा बेत सांगितला. क्वीन्सलंडच्या एका बेटावर एक बाई शिडाची बोट चालवते. वर्षाचा काही काळ इथे, काही काळ तिकडे कॅरिबियनला, दुसऱ्या कोणाच्या बोटीवर. तिकडे तिला हाताखाली माणूस हवंय. सप्टेंबरच्या सुट्टीत ती लेकीला एक दिवस बोटीवर घेऊन बघणार. पसंत पडली तर नेणार.

"पसंत पडली तर?" मी बायकोकडे पाहिलं. "ही बघण्याच्या कार्यक्रमाला बेटावर जाणार?"

माझी बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांचं रक्त बघते, त्यामुळे तिचं स्वतःचं सहसा उसळत नाही. लेक कपडे वाळत घालायला मागे गेल्यावर ती शांतपणे म्हणाली, "तू नाही म्हणून बघ. वीस वर्षांची आहे. तू नाही म्हणालास तर सप्टेंबरपर्यंतही थांबायची नाही."

म्हणून मी नाही म्हणालो नाही. मी त्याहून हुशार आहे. लेक आत आल्यावर मी टाळी वाजवली आणि म्हणालो, "वा! कॅरिबियनला जायचंच! पण क्रू कशाला? पाहुणे म्हणून जाऊ. तिघं. पंधरा दिवस. बोट सोडून तिथे करण्यासारख्या किती गोष्टी असतात!"

"उदाहरणार्थ?"

"उदाहरणार्थ... डोंगर असतात. पक्षी असतात. नारळ."

"बाबा, हे सगळं कोकणात आहे."

"मग कोकणात जाऊ!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझा प्लॅन बदलावा लागला. मेलबर्नहून कॅरिबियनला जाणं म्हणजे पृथ्वीच्या पाठीमागून जाऊन तिचे डोळे झाकण्यासारखं. तेव्हा आधी रंगीत तालीम. मी जाहीर केलं की क्वीन्सलंडच्या त्या बेटावर आम्हीही येणार. तिच्या बोटीवरच्या परीक्षेआधी दोन दिवस पोचायचं आणि त्या दोन दिवसांत शीड सोडून बाकी सगळं करून दाखवायचं. तिला एवढी मजा येईल, एवढी येईल, की ती स्वतःच म्हणेल, "बाबा, बोट कशाला? आपण तिघं मिळून असंच कॅरिबियनला जाऊ."

"नो वरीज," लेक म्हणाली. "या की."

वीस वर्षांत मी या देशाकडून एक गोष्ट शिकलोय. कोणी 'नो वरीज' म्हणालं की काळजी करायला सुरुवात करायची.

बेट छान होतं, हे कबूल करायला हवं. पाणी असं निळं की बायकोने ते खरं आहे का ते बघायला बोट घालून बघितलं. मी पहिल्याच सकाळी अ‍ॅक्टिव्हिटी डेस्कवर जाऊन उभा राहिलो. तिथे दाढीवाला एक माणूस होता. त्याला म्हणालो, आम्हाला सगळं करायचंय, फक्त सेलिंग नको. तो म्हणाला, "मेट, लोक इथे सेलिंगलाच येतात." मी म्हणालो, "म्हणूनच."

पहिला कार्यक्रम पोपटांचा. थाळीत साखरेचं पाणी घेऊन उभं राहायचं, की झाडांवरून रंगीबेरंगी पोपट येऊन अंगाखांद्यावर बसतात. इतरांच्या हातावर दोन-दोन बसले. माझ्यावर इतके बसले की मी जमिनीपासून थोडा उचललो गेलो. बायको म्हणते की तसं काही झालं नाही, पण ती फोटो काढत होती, तिचं लक्ष नव्हतं. लेक पोट धरून हसत होती. तिला तसं हसताना पाहून मला वाटलं, जमलं! आणि तेवढ्यात सगळे पोपट एकदम उडाले. लेकीने मान वर केली, गाल जरासा फिरवला आणि म्हणाली, "वारा फिरला."

मला कुठे काही कळलं नव्हतं. माझ्या डोक्यावर पोपटांनी जे ठेवलं होतं ते मी पुसत होतो.

दुपारी डोंगर. मी मुद्दाम बेटाचा सर्वांत उंच डोंगर निवडला, का, तर समुद्रापासून शक्य तितकं लांब. वाट अशी उभी की माझ्या गुडघ्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. वर पोचलो आणि पाहतो तर काय! उंचावरून समुद्र सगळीकडून दिसतो ही साधी गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. जगातल्या झाडून सगळ्या शिडाच्या बोटी त्या दिवशी तिथे आल्या होत्या. लेक कठड्याला रेलून, बाहुल्यांच्या दुकानात आणलेल्या पोरीसारखी बघत बसली.

"ती बघ बाबा, तिने शीड थोडं गुंडाळून लहान केलंय. म्हणजे पलीकडे जोर आहे. आणि तो बघ, त्याला कळतच नाहीये, उगाच फडफडतोय."

मला सगळी शिडं सारखीच दिसत होती. दोरीवर वाळत घातलेल्या धोतरांसारखी.

"उलटली तर?" मी विचारलं.

"मोठी बोट सहजासहजी उलटत नाही. तळाशी वजन असतं."

"आणि माणूस पडला तर?"

तिने विषय हसण्यावारी नेला असता तर बरं झालं असतं, पण नाही नेला. "मग मागे फिरायचं आणि त्याला उचलायचं. तेच सगळ्यात आधी शिकवतात," ती म्हणाली. "लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं. एकदा नजर हलली की गेलं."

मला हे कळायची काही गरज नव्हती. त्या संध्याकाळी जेवणात नारळाचे तुकडे घातलेला भात होता. मी खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हिंमत केली. म्हटलं, पाण्याला अगदीच टाळलं तर पोरीला वाटेल बाप घाबरतो. स्नॉर्केलिंग ठेवलं, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याखालचे मासे बघायचे. जेलीफिश डसू नयेत म्हणून एक अंगाला चिकटणारा जांभळा सूट देतात. तो घालून बाहेर आलो तेव्हा बायकोने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "देठ तेवढा राहिलाय. बाकी भरायला तयार."

कमरेएवढ्या पाण्यात लेकीने माझा हात धरला. "बाबा, उभाच राहा. फक्त तोंड बुडव आणि श्वास घे. मी सोडत नाही."

मी तोंड बुडवलं. समोरून रिक्षाएवढा मासा आला. पिवळा, काळे पट्टे, मीटर चालू. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. मी वर आलो तो थेट किनाऱ्यावरच. लेक म्हणाली की मासा तळहाताएवढा होता. पाण्यात वस्तू मोठ्या दिसतात, हे विज्ञान आहे. पण इतक्या मोठ्या दिसत असतील तर तिला माझी भीती केवढी दिसली असेल?

"बाबा, तू ट्राय केलंस," ती म्हणाली, आणि टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला. आम्ही तिला असंच म्हणायचो, शाळेच्या शर्यतीत शेवटून पहिली आली की.

तेव्हाच मला कळायला हवं होतं की सामना हातचा गेला. पण आम्ही सोलापूरचे, शेवटची विकेट पडेपर्यंत खुर्ची सोडत नाही. दुपारी खेकड्यांच्या शर्यती. त्यानंतर नारळ सोलण्याचं प्रात्यक्षिक. तिथे बायकोने त्या माणसाच्या हातातून नारळ घेतला आणि तो बोलून होईपर्यंत फोडून दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेक सगळीकडे आली, सगळीकडे हसली, आणि मधेमधे फोनवर उद्याचा वारा बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या हॉलमध्ये ती आली तेव्हा तिने केस घट्ट बांधले होते आणि ती काही खात नव्हती. तिच्या हातातला चमचा उगाच फिरत होता. इतके दिवस मी माझ्याच काळजीत असा गुंतलो होतो की मुलगी घाबरलीय हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आणि नाही जमलं तर?" ती हळूच आईला म्हणाली.

मी तिथेच बसलो होतो. नाही जमलं तर, हे तर माझं दोन दिवसांचं स्वप्न! पण तिच्या तोंडून ते ऐकवेना. मी दोन घोट पाणी प्यालो आणि म्हणालो, "न जमायला काय झालं? तुझी आई नारळ कशी फोडते पाहिलंस ना?"

आमच्या घरात परीक्षेला, इंटरव्ह्यूला, प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही घालतात. लेकीच्या शाळेच्या परीक्षांना, गाडीच्या लायसन्सच्या टेस्टला, सगळ्याला घातलं. ते दही बायको घरी लावते. तिचं विरजण आमच्या लग्नापेक्षा जुनं आहे असं मी लोकांना सांगतो. यावेळी विमानाच्या घाईत त्याची डबी फ्रिजमध्ये राहिली होती. म्हणून बायको नाश्त्याच्या टेबलांकडे गेली, फळांशेजारच्या पांढऱ्या वाडग्यातलं दही बशीत घेऊन आली आणि लेकीच्या तळहातावर चमचाभर घातलं.

लेकीने ते चाटलं आणि तोंड वाकडं केलं. "आई, हे..."

तेवढ्यात बाहेरून हाक आली. दारात उन्हाने तांबडी झालेली, दोरासारख्या हातांची एक बाई उभी होती. बोटीची कप्तान. लेक ताडकन उठली, "येते!" म्हणाली आणि पळाली. मी उठून हात हलवेपर्यंत जेट्टीच्या वळणावर तिची फक्त वेणी दिसत होती.

बायकोने उरलेलं दही पपईच्या फोडीवर घेतलं. एक घास खाल्ला आणि थांबली.

"अहो," ती म्हणाली.

आमच्याकडे बायको मला एरवी 'अरे' म्हणते. 'अहो' आलं की समजायचं, काहीतरी पेटलंय.

"काय झालं?"

"हे दही नाहीये."

आम्ही दोघं उठून त्या वाडग्यापाशी गेलो. समोर नखाएवढी पाटी होती. ज्यांना दूध चालत नाही अशांसाठी नारळाच्या दुधाचं केलेलं, वर थोडं गोड. शेजारच्या वाडग्यात खरं दही होतं, त्यावर ब्लूबेरी टाकल्यामुळे बायकोला ते आइस्क्रीम वाटलं होतं.

"म्हणजे पोरीच्या हातावर दही पडलंच नाही?" मी म्हणालो.

"नारळ पडला ना! नारळ काय अशुभ असतो?"

"नारळ फोडायचा असतो, चाटायचा नसतो!"

"समुद्राला काय घालतात? नारळी पौर्णिमेला दही घालतात का समुद्राला? नारळच घालतात. समुद्राचं देणं समुद्रात गेलं. झालं." ती हे ठासून म्हणाली, पण लगेच वाकून तिने ती पाटी पुन्हा वाचली. दिवसभर लोकांचं रक्त बघणारी बाई ती.

मी ताबडतोब दाढीवाल्याकडे गेलो. त्याच्या मागच्या फळ्यावर हवामान खडूने लिहिलेलं होतं आणि वाऱ्याच्या रकान्यात सकाळचा आकडा पुसून नवा, जाडा आकडा लिहिला होता.

"आर्वोला जरा वारा सुटेल, मेट," तो म्हणाला. आर्वो म्हणजे इथली दुपार. "नो वरीज."

माझ्या छातीत ढोल वाजायला लागले. खोटं नाही, शेजारच्या बाईने वळून पाहिलं. मी थेट बेटावरच्या दुकानात गेलो, साधं, बिनसाखरेचं दही मागितलं, झाकण उघडून तिथल्या तिथे बोटाने चाखून बघितलं, दुकानदारीण काय म्हणाली ते ऐकलं नाही, आणि डबी घेऊन बायकोकडे आलो.

"आता हे कोणाच्या हातावर?" ती म्हणाली.

"तिच्याच."

"ती समुद्रात आहे, अरे."

"मग आपण जाऊ."

माझ्या तोंडून हे वाक्य निघालं तेव्हा मी मागे वळून बघितलं, दुसरं कोणी बोललं का म्हणून. पण बोललो मीच होतो. बेटावर करण्यासारख्या गोष्टींपैकी एकच उरली होती, काचेच्या तळाची बोट. तिला शीड नसतं, इंजिन असतं, म्हणजे माझा नियम मोडत नव्हता. ती टोकाला वळसा घालून प्रवाळ दाखवायला जाते, आणि लेकीची बोटही त्याच बाजूला गेली होती.

बोटीत तीसेक माणसं होती. मधे तळाला मोठी काच, खाली निळ्या-जांभळ्या फांद्या, मासे, एक मोठं आळशी कासव. सगळे माना खाली घालून 'वाव' म्हणत होते. त्या बोटीत वर बघणारी माणसं आम्ही दोघंच. बायकोने एका हाताने बाक पकडला होता आणि दुसऱ्याने मला. मी एका हाताने दह्याची डबी पकडली होती आणि दुसऱ्याने देवाला.

टोक ओलांडलं आणि वाऱ्याने आम्हाला कानाखाली वाजवली. लाटांना पांढरे दात आले होते. मला लगेच ती दिसली. सकाळी जेट्टीवरून सुटताना पाहिलेली, पांढऱ्या शिडावर निळा पट्टा असलेली बोट, अशी कललेली की एका बाजूचा काठ पाणी पीत होता. त्यावर केशरी जॅकेट घातलेल्या आकृती इकडून तिकडे धावत होत्या. त्यातली माझी कोणती ते इतक्या लांबून कळत नव्हतं.

आणि मग त्यातलं एक केशरी काहीतरी पाण्यात पडलं.

एक मोठी हाक ऐकू आली. बोटीवर एकदम धावपळ. शीड फाडकन उलट्या बाजूला गेलं. तो केशरी ठिपका एका लाटेवर दिसला, दुसऱ्या लाटेमागे गेला, नारळाएवढा. मी उभा राहिलो. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही. बायको सांगते की मी ओरडलोच नाही, माझं तोंड नुसतं उघडं होतं. तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती. आमच्या बोटीचा चालक मायक्रोफोनवर कासवाचं वय सांगत होता.

ती बोट वळली. इतकी हळू वळली की मला वाटलं माझे सगळे केस तेवढ्यात पांढरे झाले. जवळ आली तेव्हा काठावर उभी असलेली एक बुटकी आकृती मला दिसली. तिने एका हाताने डोलकाठीची तार धरली होती आणि दुसरा हात सरळ लांब करून त्या ठिपक्याकडे रोखला होता. बोट वर गेली, खाली गेली, तिच्यावर पाण्याचा फवारा आला, तरी हात हलला नाही. डोकं हललं नाही. ती ओरडून मागच्यांना दिशा सांगत होती, आणि वाऱ्यावरून आलेला तो आवाज मी आंधळा असतो तरी ओळखला असता. सकाळी शाळेची बस चुकायला आली की आमच्या घरात तोच आवाज असायचा. अगदी तिच्या आईचा.

"ती नाही पडली," बायको म्हणाली. "ती दाखवतेय."

"मग कोण पडलं?"

आमचा चालक म्हणाला, अरे ते सराव करतायत, जॅकेट बांधलेला तरंगता गोळा टाकतात आणि परत उचलतात. नो वरीज.

बोट ठिपक्यापाशी येऊन अलगद थांबली. कोणीतरी लांब आकड्याने तो गोळा वर ओढला. तेव्हा कुठे लेकीने हात खाली घेतला. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. आम्ही इथे आहोत हे तिला माहीतच नव्हतं. मी डबी उंच धरून उभा होतो, जणू ती तिथून हात पुढे करणार होती.

मी मटकन खाली बसलो. बायकोने माझ्या हातातून डबी घेतली, झाकण काढलं.

"हात पुढे कर."

"मला कशाला?"

"तिकडे ती बरी आहे. इकडे बोटीत कोण थरथरतंय?"

तिने माझ्या तळहातावर दही घातलं आणि स्वतःच्याही. आम्ही दोघांनी ते चाटलं. समोरच्या जपानी आजोबांना वाटलं बोटीवर प्रसाद वाटतायत, त्यांनीही हात पुढे केला. बायकोने त्यांनाही घातलं.

संध्याकाळी जेट्टीवर लेक उतरली ती मिठाने पांढरी, हातांची सालं निघालेली. तिने काही सांगायची गरज नव्हती, पण कप्तानबाई मागून आल्या आणि माझा हात असा दाबला की बोटं मोजून परत घ्यावी लागली. त्यांनी इंग्रजीत विचारलं, हिला ओरडायला कोणी शिकवलं? बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू येतं.

मी बायकोकडे बोट दाखवलं.

त्या गेल्यावर आम्ही तिघं जेट्टीच्या कडेला उभे राहिलो. मी कडेपासून जरा आत.

"मला घेतलं, बाबा," लेक म्हणाली. "नोव्हेंबरमध्ये, परीक्षा झाल्या की."

"बरं," मी म्हणालो.

"मला वाटलं तू नाही म्हणशील."

"तीन दिवस तेच तर म्हणतोय."

"माहितीये," ती म्हणाली आणि माझ्या दंडाला डोकं टेकलं. माझ्या शर्टाला मीठ लागलं.

नोव्हेंबरमध्ये विमानतळाच्या पार्किंगमध्ये बायकोच्या पर्समधून दोन डब्या निघाल्या. एक घरच्या विरजणाची. लेकीने हात पुढे केला, मग म्हणाली, "ते नारळाचं नाही आणलंस? मागच्या वेळी तेच लागू पडलं." बायकोने दुसरी डबी उघडली. दोन्ही घातली. लेकीने दोन्ही चाटली, "येते" म्हणाली, आणि गेली.

आता माझ्या फोनवर पॉइंट कुकचं हवामान दुसऱ्या नंबरवर असतं. पहिल्यावर असतं असं एक बेट, ज्याचं नाव मला नीट उच्चारता येत नाही, पण तिथला वारा ताशी किती आणि कुठल्या दिशेने हे मी झोपेतही सांगेन. ऑफिसात मी सांगतो की माझी मुलगी वेस्ट इंडीजकडून खेळते. अर्ध्यांना खरं वाटतं. कधी दोन दोन दिवस तिचा मेसेज येत नाही. तेव्हा बायको लॅबमधून फोन करून 'अहो' म्हणते, आणि मी म्हणतो, अगं, रेंज नसेल. आम्ही दोघंही ते वाक्य आलटून पालटून वापरतो. ज्याच्या वाट्याला ते येईल त्याने आवाज खंबीर ठेवायचा, असं न बोलता ठरलंय.

परवा असेच दोन दिवस कोरडे गेले होते. सकाळी विल्यम्स लँडिंगच्या प्लॅटफॉर्मवर मी ट्रेनची वाट बघत उभा असताना फोनवर मेसेज वाजला. लेक.

"बाबा, सॉरी, नेट नव्हतं. उद्या सुट्टी आहे. पाहुणे नाहीत, वारा नाही, बोट नांगरावर. इथे बेटावर सेलिंग सोडून लोक काय करतात? तू एक्स्पर्ट आहेस."

मी प्लॅटफॉर्मवर मोठ्याने हसलो. ट्रेन आली, मी चढलो नाही. टाइप करायला घेतलं. आधी पोपट असतील तर थाळी घेऊन उभी राहा, पण टोपी घाल. डोंगर असेल तर चढ, वरून सगळं दिसतं. खेकड्यांची शर्यत लागली तर लहान खेकड्यावर पैसे लाव, मोठा मधेच वाद घालत बसतो. नारळ कोणी सोलून दाखवत असेल तर त्याला सांग, आमच्या आईला बोलावू का. काचेच्या बोटीत बसलीस तर सगळे खाली बघत असताना तू जरा वरही बघ. आणि तोंड बुडवायला पाण्यात उतरलीस तर एकटी उतरू नकोस. कोणाचा तरी हात धर.

पाठवलं. एकच टिक आली. दुसरी येईना. प्लॅटफॉर्मच्या त्या टोकाला रेंज जरा चांगली असते, तिथे गेलो, हात लांब करून फोन वर धरला आणि त्या एका टिकवर नजर लावून उभा राहिलो. दुसरी ट्रेनही आली आणि गेली. हात भरून आला, तरी खाली घेतला नाही.

बाजूला उभ्या असलेल्या बाईंनी काळजीने विचारलं, "यू राइट, मेट?"

मी नजर न हलवता म्हणालो, "नो वरीज."